पहिला पाळीव प्राणी: मुलाचा की घराचा?

घरात लहान मूल असले की आज ना उद्या एक मागणी येतेच. "आई, मला कुत्र्याचे पिल्लू पाहिजे." पिल्लू नाही तर ससा, ससा नाही तर मांजर. ह्या मागणीला काय उत्तर द्यावे, असे पालक मला शाळेत पुष्कळदा विचारतात. बरीच वर्षे माझे उत्तर ठरलेले असे. "घेऊन द्या. प्राणी पाळला की मुलाला जबाबदारी कळते." शिक्षकांच्या प्रशिक्षणातही आम्हाला असेच काहीसे शिकवले होते. परंतु गेल्या वर्षी हॉलंडमध्ये तीन आठवडे राहून आल्यापासून मी हे उत्तर देणे सोडले आहे. का सोडले, ते आज वाचकांपुढे मांडते.

माझी धाकटी बहीण आम्स्टलव्हेन ह्या गावी राहते. हे गाव आम्स्टरडॅमला अगदी लागून आहे. नोकरीच्या निमित्ताने भारतातून आलेली पुष्कळ कुटुंबे तेथे आहेत. बसमध्ये किंवा दुकानात अचानक मराठी कानावर पडते आणि क्षणभर आपण कोठे आहोत याचा विसर पडतो. बहिणीचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिला पाच वर्षांची एक मुलगी आहे. मी पोहोचले त्याच संध्याकाळी ह्या भाचीने माझा हात धरून मला तिच्या खोलीत नेले आणि म्हणाली, "मावशी, आईला सांग ना, मला वाढदिवसाला ससा पाहिजे. खरा ससा."

खोलीभर ससेच ससे होते. चादरीवर ससा, पेल्यावर ससा, पुस्तकांत ससा. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि तोंडाच्या जागी एक फुली. हा ससा म्हणजे हॉलंडची लाडकी नाइन्त्ये. इंग्रजी पुस्तकांतून आपली मुले तिला मिफी म्हणून ओळखतात. उट्रेख्त शहराचे चित्रकार डिक ब्रूना यांनी १९५५ साली तिचे पहिले पुस्तक काढले. सुट्टीत समुद्रकाठी पाहिलेल्या सशाच्या गोष्टी ते आपल्या लहान मुलाला सांगत असत, त्यातून ती जन्मली. डच भाषेत छोट्या सशाला कोनाइन्त्ये म्हणतात, त्याचेच हे लाडके रूप. नाइन्त्ये दोन पायांवर उभी राहते, शाळेत जाते. मुलांनी मिठी मारली तरी ती कधी घाबरत नाही. भाचीला असाच ससा हवा होता.

बहीण मला म्हणाली, "ताई, तू मास्तरीण आहेस. तूच सांग, घ्यायचा का?" मी लगेच काही बोलले नाही. त्याचे कारण माझ्या स्वतःच्या घरात घडून गेले होते.

आमच्या घरचा ससा

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. एका बाजारात एका विक्रेत्याकडे खोक्यात पांढरी पिल्ले होती. मुलीने हट्ट धरला आणि मी एक पिल्लू घेतले. हा प्राणी काय खातो, किती वर्षे जगतो, त्याला कसे उचलावे, हे विक्रेत्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. घरी आणून आंब्याखाली जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले. गाजर आणि सलादची पाने दिली. मुलीला बजावून सांगितले, "हा तुझा ससा. ह्याचे सगळे तू करायचे." आपण मोठे शिक्षण दिले, असे मला वाटले होते.

पाचव्या आठवड्यात मुलगी त्याला उचलून घरात आणत होती. त्याने मागचे पाय जोराने झाडले आणि तो तिच्या हातांतून फरशीवर पडला. त्यानंतर त्याचे मागचे पाय हललेच नाहीत. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की पाठीचा कणा मोडला आहे. दुसऱ्या दिवशी ससा गेला.

सशाची हाडे नाजूक असतात आणि मागच्या पायांचे स्नायू फार बळकट. त्याला उचलले की एखाद्या पक्ष्याने किंवा कोल्ह्याने आपल्याला धरले असेच त्याला वाटते. मग तो जिवाच्या आकांताने लाथा झाडतो आणि त्या धडपडीत किंवा पडल्यावर त्याचाच कणा मोडतो. म्हणूनच जाणकार सांगतात की लहान मुलांनी ससा उचलू नये, त्याच्याजवळ जमिनीवर बसावे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मुलगी त्या दिवशी रडली आणि नंतर त्या सशाचे नाव तिने पुन्हा काढले नाही. ती विसरली, असे मी समजले. काही वर्षांनी एकदा सहज बोलता बोलता ती म्हणाली, "आई, सशाला मी मारले ना?" माझ्या काळजात चर्र झाले. इतकी वर्षे सहा वर्षांच्या मुलीने ते ओझे वाहिले होते. तिच्याकडे जबाबदारी मी सोपवली होती, आणि दोषही तिने स्वतःच्याच पदरात घेतला.

हॉलंडचा कायदा काय म्हणतो

बहिणीबरोबर मी आम्स्टलव्हेनला प्राण्यांच्या एका दुकानात गेले. विक्रेत्या बाईंनी सशाची किंमत सांगण्याआधी चार प्रश्न विचारले. ससा कोणासाठी? मूल केवढे आहे? घरात जागा किती? दिवसा घरी कोण असते? मग त्या म्हणाल्या, "ससा तुम्ही घ्याल, मुलगी नाही. सोळा वर्षांखालच्या मुलाला आम्ही प्राणी विकू शकत नाही."

मला वाटले, हा दुकानाचा नियम असेल. बहिणीने सांगितले की नाही, तो देशाचाच नियम आहे. २०१४ सालापासून हॉलंडमध्ये सोळा वर्षांखालील मुलाला पाळीव प्राणी विकण्यास बंदी आहे. शिवाय विक्रेत्याने प्राण्याच्या देखभालीची लेखी माहिती द्यावी लागते. औषधाच्या डबीत जसा कागद असतो, तसेच माहितीचे कागद तेथील पाळीव प्राणी माहिती केंद्राने प्रत्येक प्राण्यासाठी तयार केले आहेत. कुत्र्याच्या पिल्लाला सातव्या आठवड्याच्या आत कातडीखाली ओळखीची चिप बसवावी लागते, हा नियम २०१३ पासून आहे. १ नोव्हेंबर २०२१ पासून कुत्र्याला पासपोर्टही लागतो. माणसाने कुत्रा रस्त्यात सोडून दिला तरी तो कोणाच्या नावावर आहे ते शोधता येते.

आणखी एक नियम मला फार आवडला. १ जुलै २०२४ पासून तेथे सस्तन प्राण्यांची एक यादी लागू झाली आहे. त्या यादीत तीसच जाती आहेत. कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग हे त्यात आहेत. यादीबाहेरचा सस्तन प्राणी आता नव्याने घरी पाळता येत नाही. ज्यांच्याकडे आधीपासून होता, त्यांना तो मरेपर्यंत ठेवण्याची मुभा आहे, पण त्याची पैदास करता येत नाही. यादी करताना तज्ज्ञांनी दोन गोष्टी तपासल्या. हा प्राणी माणसाच्या घरात सुखाने राहू शकेल का? आणि त्याच्यापासून माणसाला धोका आहे का? आपण दुकानात पिल्लू पाहून "किती गोड आहे!" म्हणतो, तेव्हा ह्या दोन प्रश्नांपैकी एकही आपल्या मनात येत नाही.

हे ऐकताना मला आपल्या बेटाची आठवण झाली. १५९८ साली ह्याच देशाचे दर्यावर्दी आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि आपल्या मॉरित्स राजपुत्राचे नाव त्यांनी बेटाला दिले. डोडो पक्षी तेव्हा येथे निर्भयपणे फिरत होता. शंभर वर्षांच्या आत तो नाहीसा झाला. काही माणसांनी मारले, परंतु माणसाबरोबर आलेल्या उंदीर, डुकरे, माकडे यांनी त्याची अंडी आणि पिल्ले खाऊन अधिक घात केला. १६३९ साली डचांनी बटाव्हियाहून हरणे आणून येथे सोडली. त्यांची संतती आजही आपल्या रानात आहे. कोणत्या प्राण्याला कोठे आणावे, हा विचार त्या काळी कोणी केला नव्हता. आज त्याच देशात पाच वर्षांच्या मुलीसाठी ससा घेतानाही तो विचार करावा लागतो.

मग कोणता प्राणी निवडावा?

बहिणीने माहितीचे कागद घरी आणले. दोन संध्याकाळी आम्ही ते वाचत बसलो. त्यातून आणि माझ्या अनुभवातून जे कळले, ते थोडक्यात देते.

ससा गोजिरवाणा दिसतो, पण लहान मुलासाठी तो सोपा प्राणी नव्हे. तो आठ ते बारा वर्षे जगतो. एकटा ठेवला तर खंगतो, म्हणून जोडी लागते. त्याचे मुख्य अन्न गाजर नसून वाळलेले गवत आहे. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. हॉलंडमध्ये त्याला दर वर्षी रोगप्रतिबंधक लसही टोचावी लागते. तो दुखणे लपवतो. एक दिवस त्याने खाल्ले नाही तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा लागतो. हे पाच वर्षांच्या मुलाच्या लक्षात येणे शक्य नाही.

हॅम्स्टर नावाचा छोटा उंदरासारखा प्राणी पुष्कळ लोक मुलांना देतात. तो दिवसा झोपतो आणि रात्री जागतो. मूल शाळेतून आले की त्याला झोपेतून उठवणार, आणि दचकून तो चावणार. दोन-अडीच वर्षांत त्याचे आयुष्यही संपते.

कासव लहान मुलांच्या घरात आणूच नये. त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यांपासून गंभीर आजार होतो. मासे बरे, परंतु गोल काचेच्या भांड्यात नव्हेत. त्यांना मोठी टाकी आणि पाणी शुद्ध ठेवणारे यंत्र हवे. सोनमासा नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षेही जगतो. मांजर स्वभावाने स्वतंत्र असते. ते स्वतःहून जवळ येईल तेव्हाच त्याला गोंजारावे. घरात कोणी गरोदर असेल तर मांजराची घाण दुसऱ्याने काढावी.

कुत्र्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या बेटावर तोच अधिक घरांत असतो. लहान मुलांना कुत्रा चावतो तो बहुधा ओळखीचाच असतो, घरचा किंवा शेजारचा. मुलाचे तोंड आणि कुत्र्याचे तोंड एकाच उंचीवर असते, म्हणून जखम चेहऱ्याला होते. मुलांना कुत्र्याच्या गळ्यात हात टाकायला आवडते, पण पुष्कळ कुत्र्यांना ती मिठी म्हणजे पकड वाटते. कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो. "मला सोड" असे तो सांगत असतो, आणि मुलाला ती भाषा कळत नाही. म्हणून लहान मूल आणि कुत्रा यांना कधीही एकटे सोडू नये, मग कुत्रा कितीही गरीब असो. खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नये. परक्याच्या कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये. माझी भाची बागेत कुत्रा दिसला की हात मागे बांधून उभी राहते आणि आधी विचारते, "मी त्याला कुरवाळू का?" हे तिला शाळेत शिकवले आहे. आपल्या शाळांतही हे सहज शिकवता येईल.

तिसऱ्या मजल्यावरच्या बहिणीने कुत्र्याचा विचार सोडला. दिवसातून तीन वेळा, पाऊस असो की बर्फ, त्याला फिरवून आणायचे आणि त्याची घाण पिशवीत गोळा करायची, हे नोकरी करणाऱ्या दोघांना जमणारे नव्हते. काही नगरपालिका कुत्र्यावर करही घेतात. शिवाय दर वर्षी चार-पाच आठवडे भारतात किंवा मॉरिशसला यायचे, तेव्हा त्याला कोणाकडे ठेवायचे? हा प्रश्न परदेशातल्या प्रत्येक कुटुंबाने प्राणी घेण्याआधी विचारला पाहिजे.

उरला गिनीपिग. आपल्याकडे त्याला कोशों दँद म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी डुक्कर. गंमत अशी की तो हिंदुस्थानातला नाही आणि डुक्करही नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला. तो दिवसा जागा असतो, क्वचितच चावतो आणि पाच ते आठ वर्षे जगतो. त्यालाही सोबती हवाच. माणसाप्रमाणे त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून गवताबरोबर रोज सिमला मिरची आणि ताजा हिरवा पाला लागतो. त्याला उचलण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून हातातून पाला भरवावा. पाच वर्षांच्या मुलाला हे जमते, मात्र शेजारी मोठे माणूस हवे. आणि कोणताही प्राणी असो, हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे.

आधी बकऱ्या

तरी बहिणीने लगेच काही आणले नाही. आम्ही दोघींनी भाचीला आम्स्टरडॅमच्या मोठ्या वनात नेले. तेथे रिडामरहूव्हे नावाचे बकऱ्यांचे फार्म आहे. मुले दुधाची बाटली घेऊन करडांना पाजतात. पहिल्या दिवशी एका करडाने बाटली अशी ओढली की भाची रडकुंडीला आली. दुसऱ्या खेपेस तिने बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिसऱ्या खेपेस ती मला म्हणाली, "मावशी, ह्याचे पोट भरले. आता त्याला झोपू दे." मला वाटले, परीक्षा येथे पास झाली. प्राण्याला काय हवे आहे ते तिने आपल्या हौसेच्या आधी पाहिले.

हॉलंडमध्ये गावोगावी मुलांसाठी अशी छोटी फार्मे असतात. बहुतेक ठिकाणी आत जायला पैसे पडत नाहीत. ज्यांच्या घरात जागा नाही किंवा वेळ नाही, त्यांची मुले तेथे कोंबड्या, बकऱ्या, ससे यांच्याजवळ बसतात आणि संध्याकाळी आपल्या घरी जातात. प्राणी विकत न घेताही प्राण्यांवर प्रेम करता येते, ही साधी गोष्ट मी तेथे शिकले.

माझी सुट्टी संपली आणि मी परत आले. ऑक्टोबरमध्ये बहिणीचा फोन आला. लोकांनी सोडून दिलेल्या प्राण्यांना आसरा देणाऱ्या एका संस्थेतून तिने दोन गिनीपिग आणले होते, दोन्ही माद्या, म्हणजे पिल्लांचा प्रश्न नको. तिने एक कागद लिहून स्वयंपाकघरात लावला होता. गवत, पाणी, सफाई, डॉक्टर, ह्या चारही कामांपुढे आईबाबांची नावे होती. भाचीच्या नावापुढे एकच काम होते. संध्याकाळी पाला भरवणे. "ताई," बहीण म्हणाली, "ते तिने एखाद्या दिवशी विसरले तरी त्यांचे काही अडणार नाही. पण ती विसरत नाही." मागून किंचाळण्याचा आवाज आला. फ्रीज उघडला की दोघी शिट्टी घालतात म्हणे. भाचीने फोन घेतला आणि सांगितले, "मावशी, त्यांना कोथिंबीर फार आवडते!" म्हणजे आपली कोतोमिली. हॉलंडच्या गिनीपिगांनाही आपली चव कळली तर!

तो फोन चालू असताना माझी मुलगी शेजारी बसली होती. ती आता अठरा वर्षांची आहे. फोन ठेवल्यावर मी तिला जे फार पूर्वी सांगायला हवे होते ते सांगितले. "त्या सशाचे जे झाले, ती चूक तुझी नव्हती. ती माझी होती. तू सहा वर्षांची होतीस." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला हे तेव्हाच सांगायला हवे होतेस, आई." तिचे बरोबर होते.

वाचकहो, आपल्या आजी-आजोबांनी गाय पाळली, पहिला घास तिला दिला. पण गाईला चारा घालण्याचे काम त्यांनी पाच वर्षांच्या नातवावर सोडले नव्हते. ते काम मोठ्यांचे होते आणि मूल शेजारी उभे राहून पाहत होते. पाहता पाहता ते शिकत होते. पाळीव प्राणी मुलाला जबाबदारी शिकवतो हे खरे, परंतु आईबाप ती जबाबदारी रोज निभावताना मुलाला दिसतात तेव्हा. म्हणून आता पालकांनी विचारले की मी त्यांनाच उलट विचारते. "मुलाचा हट्ट महिनाभराने संपेल. त्यानंतरची आठ, दहा, पंधरा वर्षे तुम्ही ह्या जिवाचे करणार का?" उत्तर "हो" असेल तर अवश्य आणा. "नाही" असेल तर मुलाला तसे प्रेमाने सांगा, आणि रविवारी त्याला जेथे गाय, बकरी किंवा हरीण दिसेल तेथे घेऊन जा.